लीलाबाईंच्या नावाची जाळी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. शेळगावच्या शाळेबाहेर कडुलिंबाच्या नव्या रोपाभोवती उभी असलेली, कमरेत सांधलेली, एका अंगाला बिजागरी असलेली. येणारेजाणारे म्हणतात, बघा, हिनं किती झाडं जगवली. मित्रांनो, ते ऐकलं की मला मान खाली घालावीशी वाटते. मी एक झाड जगवलं हे खरं आहे. पण तेच झाड मी जवळजवळ मारलं होतं, आणि मारताना मिरवतही होते. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म सणसरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. आम्ही दहा बहिणी होतो. तळाला ऐसपैस, वर मात्र जेमतेम वीतभर रुंद. सळया कमी लागाव्यात म्हणून दुकानदाराने ही युक्ती काढली होती. रोपटं केवढं, त्याला वीतभर जागा खूप झाली, असं तो म्हणाला आणि सगळ्यांना पटलं. झाड वाढतं हे तिथे उभ्या असलेल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आम्हाला बनवून घेतलं ते शेळगावच्या सर्जेरावतात्यांनी. तात्यांचा कॅनॉलच्या कडेला ऊस. त्यांची बायको लीलाबाई त्याच वर्षी वारली होती. शाळेतली मुलं रस्त्याच्या कडेने चाळीस झाडं लावणार आहेत असं कळल्यावर तात्या स्वतः शाळेत गेले आणि दहा जाळ्या देतो म्हणाले. प्रत्येकीच्या कपाळावर पत्र्याची पट्टी बसवली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: कै. सौ. लीलाबाई यांच्या स्मरणार्थ.

झाडं लावायच्या दिवशी काय थाट होता! मुलांनी दिंडीसारखी रांग धरली, नारळ फुटला, फोटो निघाले. शाळेच्या शिक्षिका विजयमालाबाईंनी प्रत्येक मुलाला एकेक रोप नेमून दिलं. माझ्या पोटातला कडुलिंब पाचवीतल्या छकुलीच्या वाट्याला आला. ती एवढीशी, रोप तिच्या गुडघ्याइतकं. बाईंनी एक नियम घालून दिला होता. शाळा सुटली की बाटलीत उरलेलं पाणी घरी न्यायचं नाही, आपल्या झाडाला घालायचं.

पहिला महिना सगळ्यांनी घातलं. पुढे फोटोंबरोबर उत्साहही जुना झाला. काही रोपं शेळ्यांनी खाल्ली. काही उन्हाळ्यात वाळली. शेजारच्या फडात ऊस तुटल्यावर वाळल्या पानांचं पाचट पेटवलं, त्या झळीने एका अंगाची अख्खी ओळ करपली. झाडं गेल्यावर माझ्या बहिणींना कोण विचारतो? दोघी कोंबडीची पिल्लं झाकायला गेल्या, एक परड्याचं फाटक झाली, बाकीच्यांचा पत्ताच लागला नाही. उरले मी एकटी, कारण माझं झाड उरलं होतं. आणि झाड उरलं होतं, कारण छकुली विसरली नव्हती. ती आपली बाटली तर घालायचीच, पण वर्गातल्या इतरांच्याही मागून आणायची.

श्रेय मात्र मी घेतलं. शाळेशेजारी राहणाऱ्या बनाबाईंची शेळी माझ्यावर पाय टेकून दमून परत जायची, तेव्हा मी आतल्या आत फुगायचे. रस्त्याने जाणारे माझी पट्टी वाचायचे. बाटली कुणाला दिसते?

तात्या दर वर्षी लीलाबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी यायचे. धोतराचा सोगा खोचून मला स्वतः रंग द्यायचे, पट्टी पुसायचे, झेंडूची माळ घालायचे. दहा पट्ट्यांपैकी एकच उरली होती, म्हणून त्यांचा सगळा जीव माझ्यात होता. मला वाटायचं, ही पूजा माझीच आहे.

झाड वाढत होतं. चार वर्षांत त्याचं खोड माझ्या वरच्या कड्याला टेकलं. पाचव्या वर्षी ते मला आवळायला लागलं, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं उलट होतं, मी त्याला आवळत होते. एके दिवशी कडुलिंबाने जोर केला आणि माझ्या कड्याचा सांधा तटकन तुटला. मित्रांनो, झाडाने आपली सुटका आपण करून घेतली होती. मी तिथेच गळून पडायला हवं होतं.

तात्यांनी मोडलेली जाळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी ते वेल्डिंगवाल्याला घेऊन आले. शेजारच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीवरून विजेची वायर ओढली. खोडाला झळ लागू नये म्हणून मागे ओलं पोतं धरलं, दोघांनी कडं ओढून जुळवलं आणि पक्का टाका मारला.

छकुली तेव्हा दहावीत होती. शाळा सुटून येताना ती थबकली.

"तात्या, जाळी काढायला पायजे आता. झाड मोठं झालंय. बकरी काय करतीया त्याला?"

"काढायची?" तात्या तिच्याकडे बघतच राहिले. "पोरी, ती जाळी न्हाय. लीलाचं नाव हाय ते. धा होती, एक राह्यलंय."

"पण झाडाला काचतंय की."

"लोखंड हाय, आधार देतंय त्याला. तू अब्यास कर जा."

छकुली दप्तर सावरून घराकडे वळली. मोठ्या माणसाच्या दुःखापुढे ती काय बोलणार? आणि मी? मला त्या क्षणी आनंद झाला. आणखी किती वर्षं तरी माझी माळ चुकणार नव्हती. आज सगळ्यात जास्त लाज मला त्या आनंदाची वाटते.

पुढची दोन वर्षं मी मुकाट्याने झाडाच्या गळ्यात रुतत गेले. खोड कड्याच्या वर सुजलं, खाली बारीक राहिलं. साल माझ्यावर चढायला लागली. शेंड्याची पानं अवेळी पिवळी पडू लागली, एक फांदी वाळली. लोक म्हणाले, कीड लागली असेल. कीड मीच होते.

यंदा शाळेने पुन्हा झाडं लावायचं ठरवलं. तात्यांनी पुन्हा जाळ्या दिल्या आणि त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. छकुली आता इंदापूरला बारावीला आहे, तीही बाईंना मदत करायला आली होती. नारळ फुटला. फोटोसाठी तात्यांना माझ्याजवळ उभं केलं. तेवढ्यात छकुली पुढे आली.

"तात्या, रागवू नका. हितं हात लावून बघा फक्त."

तिने त्यांचा हात धरून कड्यावर ठेवला. तात्यांची बोटं कड्यावरून फिरली, मग वरच्या सुजेवर गेली, मग खालच्या खाचेत आली. तिथेच थांबली.

"लीलाचा हात आसाच झाला हुता," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. तात्या झाडाकडेच बघत बोलत होते.

"दवाखान्यात अंगावर सूज आली तिच्या. नर्सबाई म्हनली, पाटल्या कापून काढा. म्या न्हाय म्हनलो. सवाष्णीचा हात मोकळा ठिवू न्हाय म्हनलो. दोन दिस आडवा आलो. ती काय बोलली न्हाय मला. शेवटाला सोनार आनला तवा पाटली मांसात गेली हुती. तो वळ तसाच घिऊन गेली ती."

विजयमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तात्या छकुलीकडे वळले. एवढा ताठ म्हातारा, पण त्याला तिच्याकडे धड बघवेना.

"तू दोन वर्सामागंच सांगितलं हुतंस. तवाबी म्या उशीरच केला. करवत आना कुनीतरी."

लोखंड कापायची हातकरवत आली. तात्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. सालीला जपत त्यांनी मला चार ठिकाणी कापलं. त्या वेळी मला दुखलं नाही. दुखलं ते नंतर, जेव्हा कड्याचा एक वीतभर तुकडा निघेना. साल त्याच्यावरून मिटली होती. ओढला तर झाड सोलवटलं असतं. मग तो तसाच आत राहू दिला. माझा तो तुकडा अजून तिथे आहे. झाडाने त्याला पोटात घेतलं आहे. ज्याने गळा आवळला त्याला!

पट्टी झाडाला ठोकू या, असं कुणीतरी सुचवलं. तात्या म्हणाले, "खिळा न्हाय मारायचा."

उरलेले माझे तुकडे सणसरला गेले. या वेळी मला रुंद केलं, मधोमध बिजागरी आणि एक साधी कडी बसवली. पाचवीतलं पोरसुद्धा ती एका हाताने काढू शकतं. आता माझ्या पोटात दुसरा कडुलिंब आहे. तो पाचवीतल्या श्रेया नावाच्या चिमुरडीला नेमून दिला आहे, आणि शाळा सुटली की ती बाटली घेऊन येते. पलीकडचा मोठा कडुलिंब गळ्यात खाच घेऊन उभा आहे. यंदा त्याला खालून नवी पालवी फुटली. मी रोज त्याच्यासमोर उभी असते आणि रोज ओशाळते.

मित्रांनो, झाडं लावा, जाळ्याही लावा. पण लावलेली जाळी काढायची असते, हे लावतानाच ठरवून ठेवा. तुम्ही विसरलात तर आम्ही आठवण करून देत नाही. आम्हाला माळा आवडतात.

माझ्या कपाळावर तीच पट्टी आहे. लीलाबाईंच्या नावाखाली तात्यांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली आहे. अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण रस्त्यावरून वाचता येतात: झाड मनगटाएवढं झालं की ही जाळी काढावी.