परत न म्हटलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना राखाडी टेलिफोन आहे, आणि मला अजूनही शांततेची भीती वाटते. गोंगाटाला कोणीही घाबरेल. माझ्यासारखा घाबरतो तो कुणीच बोलत नाही तेव्हा.

एकाच नदीकाठच्या पाच देशांनी मिळून संघ केला, तेव्हा माझा जन्म झाला. मला आकडे फिरवायची तबकडी दिलीच नाही. माझा रिसीव्हर उचलला की थेट वरच्या देशातल्या धरणावर माझा जुळा भाऊ वाजायचा, आणि त्याचा उचलला की मी. मला खालच्या देशातल्या पूर कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. मागच्या कपाटात संघाच्या कराराचं जाडजूड पुस्तक होतं. त्यावर धूळ बसायची, माझ्यावर कधीच नाही.

रोज सकाळी दहाला मी वाजायचो. धरणावरचे दादा पाण्याची पातळी सांगायचे, ती आमच्या भाषेत. आमच्या ताई ती लिहून घ्यायच्या आणि तोच आकडा त्यांच्या भाषेत परत म्हणायच्या. मग दादा म्हणायचे, "पोचलं." ही पद्धत त्या जाड पुस्तकात कुठेही नव्हती. सुरुवातीला लाईन खराब असायची म्हणून ती पडली आणि लाईन सुधारल्यावरही टिकली. आकडा परत म्हणणं म्हणजे तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे, असं दोन्हीकडची माणसं न सांगता समजून गेली होती. आणखी एक रीत होती. सांगायचं वरच्यांनी, खालच्यांनी विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे संशय घेणं. अठरा वर्षांत दोघांनी एकमेकांची मोडकीतोडकी भाषा उचलली होती. मोडकी म्हणजे किती? दादांनी एकदा ताईंच्या सर्दीची चौकशी करताना त्यांचं नाक कुठे हरवलं, असं विचारलं होतं. मी तेव्हा फार कौतुकाचा होतो. पाहुणे आले की ताई मला आधी पुसायच्या, मग खुर्च्या.

मग दोन देशांत मासेमारीच्या हद्दीवरून बिनसलं. शब्दाने शब्द वाढला. राजधानीतून नवे साहेब आले, येतानाच राग घेऊन आले. त्या दिवशी दहाला त्यांनीच मला उचललं. "सहा मीटर चाळीस," दादा म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं आणि मला दाणकन आपटलं.

"साहेब, परत म्हणायचं राहिलं," ताई म्हणाल्या.

"आपण काय त्यांचे पोपट आहोत?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. मी वाजलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मित्रांनो, टेलिफोनला आपणहून वाजता येत नाही, याच्याइतकं भयंकर दुसरं काही नाही. खिडकीतून मला नदी दिसत होती. तिचा रंग गढूळ झाला होता, वरच्या डोंगरांवर काळं आभाळ बसलं होतं. काठाच्या भिंतीवर आठ मीटरची लाल रेघ होती. तिच्यावर पाणी गेलं की काठावरची रंगाऱ्यांची वस्ती बुडते. त्या वस्तीत ताईंची आई राहायची. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला हलवायचं तर चार माणसं लागायची.

चौथ्या दिवशी दहा वाजून गेले. ताईंचा हात माझ्याजवळ आला आणि मागे गेला.

"फोन करायचा नाही," साहेब म्हणाले. "जो आधी फोन करेल तो नमला."

"आणि पाणी आलं तर?"

"आलं तर ते कळवतील."

"नाही कळवायचे, साहेब. आपण त्यांचा आकडा परत केला नाही. आपल्याला तो नको, असं समजून ते बसलेत."

ताईंनी मला उचललं. साहेब उभे राहिले. "कोणाच्या परवानगीने विचारताय?"

"मी काही विचारत नाहीये. राहिलेलं बोलणं पुरं करतेय."

पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. ताई दादांच्या भाषेत हळूच म्हणाल्या, "सहा मीटर चाळीस."

माझ्या तारेत नुसती खरखर होती. मला वाटलं, संपलं सगळं.

"पोचलं," दादांचा आवाज आला. "ताई, आम्हाला सक्त ताकीद आहे, आपण फोन करायचा नाही. तीन दिवस या फोनसमोर बसून आहे हो. पण आलेल्या फोनला उत्तर देऊ नका, असं कोणी म्हटलेलं नाही. लिहून घ्या. बारा वाजता पाच दरवाजे उघडतायत. संध्याकाळी पाचला तुमच्याकडे नऊ मीटर."

ताईंनी लिहिलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला. तेव्हा साहेबांनी माझा रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला. "हे कसं म्हणायचं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. ताईंनी सांगितलं. साहेबांनी परक्या भाषेत, अडखळत, सगळे आकडे परत म्हटले. "पोचलं," दादा म्हणाले. मग साहेब जिना उतरून पळाले. वस्तीत ताईंच्या आईची खाट उचलणाऱ्या चौघांत एक तेच होते.

नदीने साठ घरं नेली, रंगाची पिंपं नेली. माणूस एकही नेलं नाही.

आता मी कपाटात आहे, त्या जाड पुस्तकाच्या शेजारी. बाहेर भिंतीवर पडदा लावलाय. त्याच्यावर पाचही देशांचे आकडे आपोआप उमटतात. ते कोणी परत म्हणत नाही. मित्रांनो, मला पुसू नका, वाजवू नका, पण एवढं करा. कुणी तुम्हाला काही सांगितलं की ते ऐकल्याचं त्याला कळू द्या, भांडण झालं असेल त्या दिवशी तर नक्कीच. रोज दहा वाजता मी कपाटातून कान देतो. बाहेर आकडा बदलल्याची टिकटिक ऐकू येते. त्यानंतर कुणाचाच आवाज येत नाही.