उतरता खांदा

बारकीच्या कॉम्प्युटरवरचा खेळ अडखळत चालायचा. पडद्यावरची मुलगी एक पाऊल टाकून थबकायची, मग एकदम चार पावलं पुढे दिसायची, आणि रस्त्याच्या टोकाला तर नुसतं राखी धुकं. बारकी होती तेव्हा म्हणायची, "बाबा, ड्रायव्हर बदलून घेऊ या." शिलाई मशीनवरची मान वर न करता तिचा बाप म्हणायचा, "चालतंय ना, मग कशाला?"

जिना चढताना पोरीला दम लागू लागला, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. दोन महिन्यांत ती गेली. आणायला उशीर केलात, एवढंच डॉक्टर बोलले.

वर्ष सरल्यावर त्या टेलर बापाने बारकीच्या मैत्रिणीला बोलावलं. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"काय काका, या वयात गेम खेळायला लागलात?"

"मी कसला खेळतोय बाई. ती उभी असते, तिला बघत बसतो."

मैत्रिणीने कॉम्प्युटर उघडून पाहिला. "चित्राचं कार्ड चांगलंय, ते चालवणारा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर, जुना आहे. मापाची वही जुनी आणि पोर वाढलेली, मग झगा काचणारच की," ती हसली, आणि लगेच तिने जीभ चावली.

नवा ड्रायव्हर घालून तिने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. चित्र धुतल्या काचेसारखं लख्ख झालं. खेळात बारकीने बांधलेल्या घराच्या दारात ती मुलगी पाठमोरी उभी होती. "पुढं न्यायची तर हे बटण दाबून धरा," असं सांगून मैत्रीण गेली.

मग टेलरला दिसलं. मुलीचा डावा खांदा अर्धा इंच उतरता होता. बारकीचा तसाच होता. तिचं प्रत्येक कापड त्याने तेवढं सांभाळून कापलं होतं, आणि ही गोष्ट बारकीलाही कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने मैत्रिणीला फोन केला. "तिचे खांदे हलतात गं."

"सगळ्याच गेममध्ये असतं काका. उभं माणूस श्वास घेताना दाखवतात."

पण चाळीस वर्षं गिऱ्हाइकाने श्वास सोडेपर्यंत टेप धरून थांबलेला तो माणूस. तीन आखूड श्वास, मग खंड. हा श्वास त्याने बारकीच्या उशाशी बसून मोजला होता. रोज दुपारी तो मोजू लागला, आणि रोज तो खंड थोडा लांबत गेला. पुढे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. जुना ड्रायव्हर परत घातला असता तर हे काही दिसलं नसतं. फोन त्याने दोनदा उचलला आणि खाली ठेवला.

धुकं होतं तिथे, रस्त्याच्या टोकाला, आता दवाखान्यासारखी एक पांढरी इमारत दिसत होती. दारात दिवा होता.

"तो गेम मी दोनदा संपवलाय," त्याने विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली. "तिकडे काही नाही काका. रस्ताच संपतो."

त्या दुपारी त्याने आपल्या शिलाईच्या दुकानाचं दार ओढून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं आणि बटण दाबून धरलं. मुलगी चालू लागली. तिच्या श्वासाला खंड पडला की तो बोट उचलायचा, तिला श्वास घेऊ द्यायचा. "दमानं, माझे आई. मी आहे ना." उन्हं कलली तेव्हा ती दाराशी पोचली, आत गेली, आणि दार मिटलं. बारकीचा जुना स्वेटर मांडीवर घेऊन तो तिथेच बसून राहिला.

सकाळी दुकान बंद दिसलं म्हणून मैत्रीण आत आली. पडद्यावर दार उघडं होतं. मुलगी बाहेर उभी होती, पहिल्यांदाच तोंड इकडे करून. तिचा श्वास संथ होता, भरलेला. दोन्ही खांदे एका रेषेत.

"काका, केवढा दम लागलाय तुम्हाला! उठा, दवाखान्यात चला."

टेलरने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तीन आखूड श्वास, मग खंड.

"चालतंय ना," तो म्हणाला, "मग कशाला?"

अंगातला सदरा त्याच्याच हातचा, नेमक्या मापाचा. त्याने तो खांद्यावर सावरला. डावीकडे तो अर्धा इंच पुन्हा ओघळला.