बिनखळीची घोंगडी

माझी लेक दैवशाला ताडकळसला दिलेली. आमच्या पिंगळीकडच्या वस्तीवरून ते काही काशी-रामेश्वर न्हाई, सकाळच्या गाडीनं निघालं तर न्याहारीला पोचतं माणूस. तरी सहा महिने मी तिचं तोंड बघितलं नव्हतं.

मालक आजारी होते तेव्हा परभणीच्या दवाखान्यातली निकिता नावाची नर्सबाई त्यांच्या उशाशी बसून येशूची प्रार्थना करायची. मालक वाचले न्हाईत. पण मरणाची जी भीती महिनाभर त्यांच्या डोळ्यांत बसली होती, ती त्यांच्या आधी गेली. मी चौथी शिकलेली बाई. पुस्तकातलं मला उमजत न्हाई, डोळ्यांतलं उमजतं. तेव्हापासून मी त्या देवाची झाले. कुणी मला फसवलं म्हणतात. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

भावकी तुटली. खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घ्यायचे, त्या शेतकऱ्यांनीही बोलावणं बंद केलं. ऐतवारी प्रार्थनेला बसले की पत्र्यावर दगड पडायचे. सकाळी मी ते गोळा करायची न् रचायची. कोकरांच्या वाड्याला कमरेएवढा गडगा झाला. एवढ्यावर भागलं असतं तर मी हसत सोसलं असतं.

पण दैवशालाला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मी खण-नारळ घेऊन तिला आणायला गेले. व्याही भुजंगराव ओसरीवर बसले होते. म्हणाले, बिरदेवाच्या देवळात जाऊन कपाळाला भंडारा लावून या, मग लेक घेऊन जा. विहीण सरजाबाई खांबाला टेकून उभी, माझ्याकडं बघायलासुद्धा तयार न्हाई.

बिरदेवाला मी कधी नावं ठेवली न्हाईत. सासरा-मालकांनी पुजलेला देव. पण एकाला हात दिल्यावर गरजेपुरता दुसऱ्याचा हात धरायचा, हे माझ्यानं व्हायचं न्हाई. तसं नीट बोलता आलं असतं. पण माझी जीभ कोयत्याची. मी म्हणाले, "भंडारा लावल्यावरच मिळत आसंल तर ती माजी लेक न्हाई."

दाराआड बांगड्या वाजल्या. दैवशालानं ऐकलं होतं.

तो शब्द मला परत घेता आला न्हाई. नातू तिकडंच झाला. कुणी कळवलं न्हाई. बाजारात दुसऱ्याच बाईकडून कळलं. दिवसभर डालग्याखाली कोंडलेली कोकरं सांजेला सोडली, की शंभर मेंढरांतून आपापल्या आईला लुचायला धावतात. ते बघून मी देवाला विचारायची, मी हे तुझ्यासाठी सोसतेय का माझ्या ताठ्यासाठी? तो काही बोलायचा न्हाई. पण उठूनही जायचा न्हाई.

मग मी लोकर कातायची चाती घेतली. कोकरांची पहिली लोकर, जावळ म्हणतात तिला, ती कातत बसले. एका फेऱ्याला लेकीचं नाव, दुसऱ्याला नातवाचं. निकिताबाई म्हणायची, जे छळतात त्यांचंही नाव घ्या, कासाबाई. मी म्हणायची, तू घे की, तुझं काय जातंय.

विणकराला बजावलं, चिंचोक्याची खळ लावू नको. तो म्हणाला, खळीबिगर घोंगडीला ताठपणा येत न्हाई. म्हटलं, ताठपणा घरात लय हाय.

ती घोंगडी घेऊन मी ताडकळसच्या बाजारात बसू लागले. पुढं चार मोठ्या घोंगड्या विकायला, ही मांडीखाली. तीन बाजार रिकामे गेले. चौथ्याला दोघी आल्या. सासू पुढं, पदराखाली बाळ घेतलेलं. लेक मागं, वाळलेली. माझ्यापुढं आल्यावर दैवशाला खाली बसली, जशी कुणी गिऱ्हाईक बाई बसावी. मी मांडीखालची घोंगडी पुढं सरकवली. तिनं ती बोटांनी चाचपली.

"मावशी, हिला खळ न्हाई?"

माय म्हणायची सोय नव्हती तिला. मीही लेकी म्हणाले न्हाई.

"न्हाई लावली. लहानग्याला टोचंल."

घोंगडीच्या घडीखाली तिचा हात माझ्या हाताला लागला न् तिथंच राहिला. बारीक आवाजात तिनं विचारलं, "कातताना काय म्हनता, मावशी?"

"नाव घेते."

"कोनाचं? ती लेक न्हाई म्हनला व्हता की."

मला वाटलं, सहा महिने जो दगड पडायचा राहिला होता, तो आज पडला.

"तिचंच घेते. तिच्या लेकराचं घेते." सरजाबाई वर उभी होती, कान इकडंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "अन् तिच्या सासूचं बी."

हे खोटं होतं. त्या नावापाशी माझी जीभ रोज अडायची.

सरजाबाईनं पदराखालचं बाळ सावरलं. मग सुनेला म्हणाली, "घ्यायची तर घे. कोनाच्या हातची हाय, आमाला काय ठावं."

दैवशालानं घोंगडी खांद्यावर टाकली. माझ्या बोटांतून तिची बोटं निघाली. वळता वळता सरजाबाई थांबली, "लय उकडायलंय" असं स्वतःशीच पुटपुटली न् बाळावरचा पदर बाजूला केला. ढग भरून गार वारं सुटलं होतं, उकडत नव्हतंच. नातवाचं कपाळ मालकांसारखं रुंद. मी बघून घेते न घेते, तोवर पदर परत पडला.

दोघी भाजीच्या पालांतून दिसेनाशा झाल्या. लेकीनं मागं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर मी उठले असते, हे तिला ठाऊक होतं.

सांजेला वस्तीवर आले, कोकरं सोडली, गडग्यावर बसून चाती घेतली. देवापुढं खोटं किती दिवस ठेवणार? पहिल्या फेऱ्याला सरजाबाईचं नाव घेतलं. दात आवळूनच घेतलं. दुसऱ्या फेऱ्याला धागा तुटला. जोडला न् परत घेतलं.

पुढच्या बाजाराला मी तिथंच बसणार हाय.