दहावा सूचक

माझी बायको ज्योत्स्ना पक्षाची प्रदेश सरचिटणीस. बावीस वर्षांपूर्वी जेल रोडच्या महिला आघाडीपासून सुरुवात केली. आता गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत लोक तिला ताई म्हणतात. विधानसभेचं तिकीट मात्र तिला कधी मिळालं नाही. या खेपेला पक्का शब्द होता. मी म्हणालो होतो, बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण माझं ऐकतं कोण? मी नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत होतो तोवर सरकारी नोकराला राजकारण वर्ज्य म्हणून सुटलो, निवृत्त झाल्यावर आळसाने.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, मुदत दुपारी तीनची. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हा आमचाच उमेदवार असं लेखी पत्र, येतंय येतंय म्हणता साडेबारा वाजले. मग कळलं, ते पंधरा दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या समर्थ नावाच्या बिल्डरला गेलं.

निवडणूक कार्यालयाबाहेर आमचे शंभरेक कार्यकर्ते होते. पाच मिनिटांत पंचवीस उरले. माझं डोकंच फिरलं.

"यांच्या सतरंज्या उचलत म्हातारी झालीस, त्याचं हे बक्षीस! चल घरी."

ती चष्मा पुसत होती. "मागच्या निवडणुकीत मीही एकाला असंच ताटकळत ठेवलं होतं, फोन बंद करून. वरून तसा निरोप होता." तिने चष्मा लावला. "अपक्ष भरते. पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर सही करणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहाही याच मतदारसंघातले मतदार हवेत. सोमनाथ, यादी काढ."

सोमनाथ तिचा पहिल्यापासूनचा कार्यकर्ता. तो यादी उघडतोय तोच प्रदेशाध्यक्षांचा फोन आला.

"ताई, थांबा. विधान परिषदेवर घेतो तुम्हाला."

"साहेब, हे तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय. आता नाही थांबत," ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला.

उरलेल्या पंचवीस जणांना सही म्हटल्यावर कामं आठवली. कुणाला गाडी हलवायची होती, कुणाला बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. नाव कागदावर जाणार, उद्या समर्थशेठ बघून घेतील, ही खरी भीती. जिच्या सभेला मैदान भरायचं, तिला दहा माणसं मिळेनात! मला संताप आवरेना. तिने मात्र कुणालाच बोल लावला नाही. सरळ मागच्या भाजीबाजारात शिरली आणि गाळ्यागाळ्याशी थांबून सही मागू लागली. दोन वाजेपर्यंत दहा सह्या झाल्या. दहावी बाजाराच्या अगदी शेवटच्या गाळ्यावरच्या केरू फुलवाल्याची.

आत कारकुनाने एकेक नाव तपासलं आणि केरूपाशी बोट ठेवलं. "हे शेजारच्या मतदारसंघात. यांच्या गल्लीतूनच हद्द जाते."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ज्योत्स्ना माझ्याकडे वळली. "अहो..." म्हणाली, आणि तिथंच थांबली.

माझं मत देवळ्याला होतं. दर निवडणुकीला मी गावी जायचो, मत द्यायचं, मित्रांबरोबर जेवायचं, परत. नाव इकडं आणायचा अर्ज तिने चार वेळा माझ्यापुढे ठेवला होता, चारही वेळा मी "बघू" म्हणालो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आई आहेत," ती म्हणाली. "त्यांचं नाव मी इथं आणलंय. अंगठा अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो, घेऊन या त्यांना."

माझी आई अंबूबाई. सून घर सोडून गावभर हिंडते, हा तिचा वीस वर्षांचा घोष. घरी पोचलो तर लसूण सोलत बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"तुझं नाव का चालत नाय?"

"ते देवळ्याला हाय."

"मंग इतकी वर्सं काय करत व्हता रे?" ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "चप्पल दे माझी."

रिक्षाने पावणेतीनला तिला आत नेलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आजी, अंगठा कशासाठी लावताय, माहीत आहे ना?"

"हाय की. सून उभी ऱ्हातेय. घरात आम्ही तिला लय बोललो, पर ती काय बसली नाय."

दोन बावन्नला अर्ज दाखल झाला. बाहेर आलो तर मोबाइलवर पक्षाचं पत्र हजर: सहा वर्षांसाठी निलंबन. ज्योत्स्नाने ते वाचलं आणि आईला बाकावर सावलीत बसवलं.

मला राहवलं नाही. "उद्याच नाव इकडं आणतो. माझं पहिलं मत तुला."

"यादी बंद झाली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच लागलं. "या निवडणुकीत तुमचं मत मला नाही. दुसऱ्यांची मागायला तरी चला."

समोर रिक्षांची रांग होती. ती पहिल्या रिक्षाकडे गेली. मी दुसऱ्या रिक्षाकडे गेलो, हात जोडले आणि माझ्या बायकोचं नाव सांगितलं.