उघडून न पाहिलेला चौका

मी एक जुना चांदीचा चौका आहे, मित्रांनो. जरा काळवंडलो आहे खरा, पण राखेनं घासलंत तर अजूनही चारचौघांत उठून दिसेन! ज्यांच्या घरी लिंगपूजा आहे ते मला ओळखतील. बाकीच्यांना सांगतो. आमच्या लोकांत मूल जन्मलं की गुरू त्याला इष्टलिंग देतात. ते ज्या डबीत घालून गळ्यात बांधतात, ती डबी म्हणजे मी. लिंग जितेपणी अंगावरून उतरत नाही आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर मातीत जातं. चांदी तेवढी मागे राहते. म्हणजे मान सगळा पोटातल्याचा, माझं काम फक्त सांभाळायचं.

उदगीरच्या एका सोनारानं मला घडवलं आणि शरणम्माच्या बापानं लेकीच्या लग्नात हौसेनं तिला दिलं. तिचा नवरा नागप्पा अहमदपूरजवळच्या एका खेड्यात धान्याचं छोटं दुकान चालवी. रोज सकाळी आंघोळ झाली की शरणम्मा मला उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मग मला मिटून पदराआड घ्यायची. पुढं महादेवी झाली. दात येताना ती पोरगी आईच्या मांडीवर बसून मलाच चावायची. त्या खुणा माझ्या कडेला अजून आहेत, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यांचा अभिमान आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. दुकानात रिकामी पोती उरली आणि नवराबायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. अशात गावाबाहेरच्या माळावर एक बाबा येऊन बसला. येईल त्याच्या डोक्यावर तो गार पाण्याचा ओला पंचा ठेवायचा आणि म्हणायचा, "गार हो लेकरा." लोक त्याला गारवाबाबाच म्हणू लागले. हसू नका, मित्रांनो. दिवसभर उन्हात दगड फोडणाऱ्याला कुणी मायेनं हात लावला तर त्याचं काय होतं, ते मी छातीशी राहून पाहिलं आहे. शरणम्मा त्या दिवशी इतकी रडली की मी भिजलो. बाबाच्या हौदात पाणी टँकरनं येत होतं. पण तहानलेलं माणूस पाणी कुठून आलं ते विचारत नाही.

आधी त्यानं ज्वारी मागितली. मग बायकांचे दागिने मागितले. मग सांगितलं की दवाखान्याची पायरी चढायची नाही, सुई टोचली की कृपा उठून जाते. लोकांनी तेही ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात महादेवी डबक्यातलं पाणी प्याली आणि तिला ताप भरला. काही केल्या उतरेना. कंपाउंडर म्हणाला, "मुदतीचा ताप हाय, लातूरला न्या." नागप्पानं तिला उचलून माळावर नेलं. बाबानं तिला आपल्या मठात ठेवून घेतलं. अंगारा लावला, पंचा ठेवला. होता होता पोरगी माणसं ओळखेना झाली. तेव्हा बाबा सगळ्यांसमोर शरणम्माला म्हणाला, "तुझ्या गळ्यातला देव आडवा येतो आहे. तो काढून मला वाहा. आता तुमचा देव मी."

आमच्या माणसाकडं धान्य मागावं, चांदी मागावी. हे मागू नये. वर्षभर आमच्यात राहून त्या बाबाला एवढंही कळलं नव्हतं.

"दे गं," नागप्पा मान खाली घालून म्हणाला. "पोरीपरीस मोठं काय हाय?"

"आवो, काय बोलायलाव तुमी? हे मेल्याबिगर उतरत न्हाई!"

"पोरगी जाईल, शरणे."

ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला उघडलं. लिंग पदराच्या टोकात घट्ट बांधून छातीशी खोवलं आणि मला रिकामंच मिटलं. मी इतका हलका कधीच झालो नव्हतो. मग दोन्ही हातांनी तिनं मला बाबापुढं धरलं.

आमच्यातलं कुणीही असतं तर आधी कपाळाला लावलं असतं, उघडून पाहिलं असतं. बाबानं मला एका हातानं घेतलं, तळहातावर जरासं उडवलं आणि पेटीत टाकलं.

ते उडवणं नागप्पानं पाहिलं. जन्मभर त्यानं दाणे असेच तळहातावर झेलून मालाचा अंदाज घेतला होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आत बघितलं न्हाई तुमी?"

"काय बघायचं? तुझा देव पोचला मला."

शरणम्मानं पदराची गाठ पुढं केली. "देव हितं हाय. तुमाला डबी पोचली."

नागप्पानं पोरीला खांद्यावर घेतलं. बाबाचे चेले दार अडवून उभे राहिले. तेव्हा तिथं झाडलोट करणारी बिलोलीची गंगम्मा खराटा घेऊन मधे आली. "सोडा तिला! माझ्या लेकराला, लिंबाजीला साप चावला, तवा असंच ठेवून घेतलं यांनी. दवाखान्यात जाऊ दिलं न्हाई. गेला माझा लिंबाजी!" तिच्या तोंडाकडं बघून चेल्यांनी वाट सोडली. एस्टी मिळाली आणि पोरगी लातूरला पोचली.

मी मात्र पेटीतच राहिलो. तिथं पैंजण होते, मंगळसूत्रं होती, लिंबाजीच्या कमरेची चांदीची साखळीही होती. तिच्याशेजारी पडून मला माझं दुःख सांगायची लाज वाटली.

पुढं गंगम्माच फौजदारापुढं जाऊन उभी राहिली. बाबा पळाला, सापडला, तुरुंगात गेला. आम्ही मुद्देमाल म्हणून कापडात शिवले गेलो. खटला, अपील, वर्षं गेली. लातूर वेगळा जिल्हा झाला, पेढे वाटले गेले आणि आमची पेटी नव्या जिल्ह्यात आली.

एके दिवशी कुणीतरी शिवण उसवली. समोर पिकल्या केसांची शरणम्मा!

"कशावरून तुमचा?" कारकुनानं विचारलं.

"कडेला दाताच्या खुणा हायत. या पोरीच्या."

महादेवी शेजारी उभी होती, कडेवर तान्ही लेक घेऊन. तापानं तिचा डावा कान गेला होता, म्हणून ती उजवा कान पुढं करून ऐकत होती. इतकी वर्षं शरणम्मानं लिंग कापडातच बांधून गळ्यात घातलं होतं. "मला कापडच बरं," ती म्हणाली. "चौका नातीला घाला."

पलीकडं गंगम्मानं लिंबाजीची साखळी घेतली. ती कुणाच्या कमरेला बांधणार? तिनं ती गालाला लावली आणि तशीच उभी राहिली. शरणम्मा तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून राहिली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं मागायचा हक्क म्हाताऱ्याला आहेच. पण कुणी देवाचं नाव घेऊन डोक्यावर गार हात ठेवला, तर आधी त्या हाताकडं नीट बघा. आणि घरात कुणाला ताप असेल, तर बघत बसू नका. दवाखान्याची वाट धरा. गंगम्माला ती वाट कुणी धरू दिली नव्हती.