आजची तारीख

आमच्या प्रोग्रॅमिंग भाषेत नवा बदल केला की जुनं काही मोडलं नाही ना, हे हजारो टेस्ट तपासतात. त्यातली एक दरवर्षी मार्चमध्ये हमखास लाल व्हायची, म्हणजे नापास. ती मास्तरांची, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरची. त्यांच्या मुलीच्या जन्मतारखेवरून आजचं वय काढायचं, एवढंच तिचं काम. वाढदिवस आला की उत्तर चुकणारच. मग मास्तर मुकाट्याने अपेक्षित उत्तर एकाने वाढवायचे.

यंदा माझं डोकं फिरलं. “टेस्टमध्ये आजची तारीख घ्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? एक तारीख कायमची टाका आणि विषय संपवा.”

थोड्या वेळाने त्यांचा बदल माझ्याकडे तपासायला आला. आजच्या तारखेच्या जागी एक जुनी तारीख होती आणि अपेक्षित उत्तर एकोणीसवरून नऊवर आलं होतं.

“दहा वर्षांपूर्वीची तारीख कशाला?” मी विचारलं.

“त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेची बस उलटली,” मास्तर स्क्रीनकडे बघत म्हणाले. “चालवून बघ. आता परत बदलावी लागणार नाही.”

मी चालवली. हिरवी झाली.