तटामागची बीबी

आमच्या पथकात मोगल व्हायला कुणी तयार नसायचं. भिंगारची पोरं, ज्याला त्याला किल्ल्याच्या आतच राहायचं होतं. शेवटी काकासाहेब चिठ्ठ्या टाकायचे, आणि ज्याची चिठ्ठी निघेल तो तोंड पाडून मोगलांचा अंगरखा चढवायचा. काकासाहेब म्हणायचे, "मोगल हरले, पण भित्रे नव्हते. रडत हरशील तर पुढच्या वेळी पण तुलाच मोगल करीन."

काकासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार. पेन्शनीत आल्यावर माणसं भाजी आणायला लागतात, देवळाच्या कमिटीत शिरतात. यांनी लढाई काढली. नगरच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला, सुरुंगानं तट उडाला आणि चाँदबीबीनं एका रात्रीत तो पुन्हा उभा करून घेतला, एवढा एकच प्रसंग आम्ही गावोगाव जिवंत करून दाखवायचो. गणपतीत, यात्रांत, पंधरा ऑगस्टला. तट म्हणजे गोडेतेलाचे रिकामे डबे आणि त्यावर काव फासलेलं गोणपाट. तोफ म्हणजे बोअरच्या पाइपाचा तुकडा, आत सुतळी बॉम्ब. ढाली पत्र्याच्या, जामे मी शिवलेले. तीस-पस्तीस माणसं, एक टेम्पो, आणि सगळ्यांच्या डोक्यावर काकासाहेबांची शिट्टी.

बोलणं मात्र सगळं कॅसेटवर. मोकळ्या मैदानात कुणाकुणाच्या हातात माइक देणार? भोंगा लावायचा, कॅसेट सुरू करायची आणि आम्ही तिच्यावर तोंडं हलवायची. देखाव्यांची सगळीकडे तीच रीत. ती कॅसेट नगरला स्टुडिओत जाऊन एकदाच भरली होती, माझी धाकटी बालवाडीत होती तेव्हा. बीबीचा आवाज माझा.

मी चौथी पास. घरी बसून ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. बीबीची वाक्यं काकासाहेबांनी वाचून दाखवली आणि मी ती कानानं उचलली. स्टुडिओतल्या माणसानं पंखा बंद करायला लावला, घामाच्या धारा लागल्या, आणि मी डोळे मिटून म्हणाले, "तट पडला म्हणून किल्ला पडत नाही! उचला चिरे!" काचेपलीकडचा तो माणूस हातातला चहा खाली ठेवून उभाच राहिला. आमचे हे, कोंडीराम, दाराशी उभे होते. रस्त्यात मला म्हणाले, "घरात आसं बोलू नको बाई, मला भ्या वाटंल."

तेव्हापासून बीबी मीच. सलग सात-आठ वर्षं. बाजारात गेले तरी पोरं म्हणायची, "बीबी आल्या, बाजूला व्हा." एकीकडे आमच्या वस्तीत मी जयभीम काकू, आणि दुसरीकडे अख्ख्या भिंगारची बीबी. मला दोन्ही आवडायचं. खोटं कशाला सांगू, दुसरं जरा जास्तच.

मग मिरजगावला गुडघ्यानं दगा दिला. बीबी शिडीवरून बुरुजावर चढते आणि वरून बोलते, असा तो भाग. मी तिसऱ्याच पायरीवर होते, गुडघ्यात कळ आली, आणि कॅसेट काही माझ्यासाठी थांबेना. मी शिडीला लोंबकळतेय आणि भोंग्यातून माझाच आवाज गरजतोय, "मी या बुरुजावर उभी आहे! हिंमत असेल त्यानं वर यावं!" पुढं बसलेला एक म्हातारा ओरडला, "आधी तुमी तर वर जा बाई!" अख्खं मैदान हसलं. मोगल सुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब स्वतः घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भागिरथीबाई, गुडघा सांभाळा. पोझिशन बदलू." लष्करी माणूस. त्यांना यापेक्षा हळुवार बोलता येत नाही.

माझी पोझिशन तटामागं. सुरुंग उडाला की मी दोरी ओढायची, म्हणजे डबे कोसळतात. मग चुलीतल्या राखेचं घमेलं उधळायचं, तो धुरळा. आणि वर बुरुजावर बीबी म्हणून प्रज्ञा.

प्रज्ञा आमच्याच वस्तीतली. डी.एड. करणारी, बावीस वर्षांची, सरळ नाकाची, वेताच्या छडीसारखी. माझाच जामा तिला घालायचा होता. तो कमरेत दोन्हीकडून चार-चार बोटं आत घ्यावा लागला. शिवणार कोण? मीच. जास्तीचं कापड मी कापलं नाही. आत तसंच मुडपून ठेवलं आणि वरून हातशिलाई मारली. ती म्हणाली, "काकू, इथं जरा जाड लागतंय." म्हटलं, "पहिल्यांदा लागतं तसं."

आणि पोरगी चांगली निघाली, हे जास्त वाईट झालं. वाईट असती तर मी तिला किती माया लावली असती! तिनं कॅसेट घरी नेऊन पाठ केली. मी कुठं श्वास घेतलाय तिथं तिची छाती हलायची. मी जिथं आवंढा गिळलाय तिथं ती मान वर करायची. आमचे हे टेपवर बसायचे, त्यांना तर कोण कौतुक.

"पोरगी तोंड बरोब्बर हलवती," जेवताना म्हणाले. "तुजं कदी कदी मागं पडायचं."

"माजाच आवाज. मी माज्याच आवाजाच्या मागं कशी पडंन?"

"पडायचीस. मी टेपवर असायचो, मला ठावं."

त्या रात्री भाजीला मीठ कमी नव्हतं, तरी मी त्यांना दुसऱ्यांदा वाढली नाही.

खरा जाळ पुढंच होता. कार्यक्रम झाला की बाया प्रज्ञाभोवती गोळा व्हायच्या. "अगं बाई, काय आवाज हाय पोरीचा! काळजात घुसतो." कुणी तिच्या गालावरून हात ओवाळायचं, कुणी बोटं मोडायचं. मी ओणवी, तोंडाला राख, डबे गोणीत भरत असायचे. आवाज माझा, दृष्ट तिची काढायच्या! आणि ती हसायची. गोड हसायची. "नाही हो" म्हणायची नाही. मी छबूबाईला विचारलं, "ही सांगत का न्हाई, आवाज माजा न्हाई म्हनून?" छबूबाई आमच्याबरोबर चिरे उचलायची, म्हणजे डबे. ती म्हणाली, "तू सांगायचीस का, चिरं म्हंजी तेलाचं डबं हायेत म्हनून?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

त्या साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली होती, त्यामुळं आम्हाला फार बोलावणी. तसंच पारनेरचं आलं. बाजाराच्या मैदानात, उन्हं उतरताना. गर्दी एवढी की पोरं गाड्यांच्या टपांवर बसलेली. कार्यक्रम छान झाला. मोगल सुद्धा नेटानं हरले. मी दोरी ओढली, राख उधळली, डबे पुन्हा रचून झाले, टाळ्या थांबेनात. आणि कमिटीचे अध्यक्ष, फेटा बांधलेले एक जाडजूड गृहस्थ, शाल-नारळ घेऊन पुढं आले.

"आमच्या चाँदबीबींचा सत्कार करायचाय," ते माइकवरून म्हणाले. "पोरी, ये. पण नुसती शाल देणार न्हाई. त्या आवाजात दोन वाक्यं आम्हाला समोरासमोर ऐकव!"

मैदान आनंदानं ओरडलं. मी तटामागं गोणपाटाच्या फटीला डोळा लावला.

आता हे सांगितलं पाहिजे, की प्रज्ञाचा स्वतःचा आवाज फार बारीक. सरावाचा पाठ घेताना वर्गात पोरं "बाई, ऐकू येईना" म्हणतात, असं तिची आईच सांगायची. मी फटीतून बघत होते आणि माझ्या मनात गुदगुल्या होत होत्या. आता बोल. आता कळू दे पारनेरला.

तिनं माइक हातात घेतला. पगडीखाली तिचे कान लाल झालेले मला दिसले. आणि त्या बारीक आवाजात ती म्हणाली, "आवाज माझा नाही. आवाज आमच्या भागिरथी काकूंचा आहे. मी नुसते ओठ हलवते. काकू तिथं तटामागं आहेत."

अशा टाळ्या पडल्या, की लढाईलाही तशा पडल्या नव्हत्या. "वा पोरी! काय मन हाय!" "खरं बोलली बघा!" बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मी फटीशी तशीच. तिनं खरं सांगावं म्हणून मी इतके महिने जळत होते, आणि तिनं सांगितलं तर तो मोठेपणा सुद्धा तिच्याच खात्यात गेला. आता तिच्याकडं सरळ नाकही होतं, गुडघेही होते आणि मनही होतं. माणसानं जळायचं तरी किती?

मला ओढून बाहेर आणलं. राखेनं भुवया पांढऱ्या झालेल्या, पदर कमरेला खोचलेला, हाताला दोरीचे वळ. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, मग प्रज्ञाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. शाल एकच होती. ते गोंधळले. प्रज्ञानं ती त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या खांद्यावर घातली. पुन्हा टाळ्या. पुन्हा तिलाच.

"बोला काकू," तिनं माइक माझ्या तोंडाशी धरला.

मी छाती भरून घेतली. इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती, भोंग्याविना, कॅसेटविना. मी म्हणाले, "तट पडला म्हणून किल्ला पडत नाही."

आणि तो आवाज निघाला तो भाजीवाल्याशी घासाघीस करायचा. घसा बसका, शेवटचा शब्द जरा चिरकलेला. मलाच ओळखीचा वाटला, पण बीबीचा म्हणून नाही, घरातल्या भागिरथीचा म्हणून. इतकी वर्षं मी त्या कॅसेटवर तोंड हलवत राहिले आणि माझा गळा कधी म्हातारा व्हायला लागला ते मला कळलंच नव्हतं.

पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि हळू म्हणाली असं तिला वाटलं, "ही न्हवं गं ती."

"आसंल बाई. त्या कशाला लबाड बोलत्यात?"

"आसंल. पर त्यो आवाज न्हवं."

लोकांनी टाळ्या दिल्या. चांगल्या माणसांनी द्याव्यात तशा दिल्या.

मागून आलेल्या लोकांनी पुन्हा एकदा लढाई दाखवा म्हणून धरणं धरलं, तेव्हा काकासाहेबांनी दहा मिनिटं विश्रांती दिली आणि तटामागं आले. मी एका डब्यावर बसले होते. शाल घडी करून मांडीवर ठेवलेली.

"कॅसेट घासली आहे," ते म्हणाले. "नवी भरावी लागेल. आवाज कुणाचा घ्यायचा? तुमचा आत्ताचा, की प्रज्ञाचा? की आहे तीच चालवायची? ऑर्डर मी देणार नाही. तुम्ही सांगा." एवढं म्हणून ते मोगलांच्या ओळी नीट करायला गेले. हा माणूस तोफेला भीत नसे, बायकांना भ्यायचा.

प्रज्ञा शेजारी उभी होती. तिचा कमरपट्टा सैल झालेला, ती दोन्ही हातांनी धरून होती.

"काकू, रागावलात?"

"व्हय."

"लई?"

"लई. तू खोटं बोलायला पायजे हुतंस. मला सोपं गेलं आसतं."

ती हसली नाही. "बाया आवाज चांगला म्हनायच्या, तवाच सांगनार हुते मी," ती म्हणाली. वर्गातली भाषा गळून पडली होती. "पर आयुष्यात पयल्यांदा कुनी माज्या आवाजाला चांगलं म्हनत हुतं. मला ठावं हुतं त्यो माजा न्हाई. तरी गोड लागायचं वो काकू. आनि रात्री राग यायचा."

"माजा?"

"तुमचा न्हाई. त्या कॅसेटमधल्या बाईचा. मी काय बी करते, लोक तिलाच ऐकत्यात."

म्हणजे आम्ही दोघी त्या एकीवरच जळत होतो. ती तिच्यासारखं बोलता येत नाही म्हणून, आणि मी एकदा तशी बोलले होते, आता बोलता येत नाही म्हणून.

"इकडं ये," मी म्हणाले. तिला जवळ ओढून कमरपट्टा घट्ट केला, माझ्या ब्लाउजची पिन काढून त्याला लावली. ती एकदम दचकली.

"टोचली!"

"आसू दे."

"मुद्दाम टोचलीत?"

"थोडी."

पलीकडून आमचे हे ओरडले, "कॅसेट मागं फिरवलीय! लावू का? कंची लावायची ते तर सांगा!" जशा काही त्यांच्याकडं चार होत्या.

"जुनीच लावा," मी ओरडले. मग प्रज्ञाला म्हणाले, "माजीच ऱ्हाऊ दे. मला आजून देववत न्हाई."

"मी कुटं मागितली?"

"मागशील."

ती पगडी नीट करत जरा थांबली. विचार करून म्हणाली, "मागीन."

"मी न्हाई म्हनंन."

"म्हना. मी परत मागीन."

काकासाहेबांची शिट्टी वाजली. ती निघाली. मी शाल डब्यांच्या मागं ठेवली, राखेचं घमेलं जवळ ओढलं आणि दोरीचं टोक हाताला गुंडाळलं.